सुतकाच्या दारातली गिटार

अर्धी वाट सरली तेव्हा आश्रुबा भावजींच्या हाताची पट्टी परत लाल झाली.

आम्ही नांदूरघाटाहून निघून नदीच्या कोरड्या पात्रात उतरलो होतो. वरचा रस्ता सोपा होता, पण त्या रस्त्यावर चारा छावणी होती आणि छावणीच्या तोंडाशी आमचे मालक चार माणसं घेऊन बसलेले होते. त्यांचं नाव हरिबा. एरवी मी घेत नाही, पण लिहिताना घ्यावं लागतं. ते भावजींचे सख्खे थोरले भाऊ. त्यांची नजर चुकवून आम्हाला आमच्या वाडीतल्या विठ्ठलरावांच्या दारात पोचायचं होतं. म्हणून ही दगडगोट्यांची वाट.

माझ्या गळ्यात पट्ट्यानं अडकवलेली गिटार होती. भावजींच्या खांद्यावर भजनी मंडळाचा बॅटरीवर चालणारा स्पीकरचा डबा होता. डावा हात त्यांनी छातीशी धरला होता.

"बसा जरा," मी म्हणाले. "रक्त यायलंय."

"येऊ द्या वैनी. बसलो तर मी उठायचा न्हाई."

"असं लडखडत जाऊन त्या माणसांपुढं उभं तरी राहता येईल का?"

"उभं ऱ्हायला कुटं जायचंय? मार खायला जायचंय." ते हसले आणि लगेच दुखलं म्हणून दात आवळले. "उद्या म्हातारीचा दहावा हाय. आज न्हाई सांगितलं तर उद्या सांगून उपेग न्हाई."

त्यांचं खरं होतं. म्हातारी म्हणजे विठ्ठलरावांची आई, सरस्वतीबाई. तिच्या दहाव्याला नदीवर तिचा नातू, विठ्ठलरावांचा मुलगा धोंडीराम, येणार हे सगळ्या वाडीला माहीत होतं. भावजींची दोन बोटं तोडून धोंडीराम पळाला होता आणि पोलिसांना सापडत नव्हता. पण आजीच्या दहाव्याला आला नाही तर तो माणसातच गणला जायचा नाही. आमच्या मालकांनाही हे माहीत होतं. कोयता रोज दगडावर चढत होता. ते म्हणायचे, "माझ्या भावाची दोन बोटं घेतली. मी त्याचे दोन हात घेतो. देवानं मला हिशेब दिलाय."

मी वैजनाथाचं नाव घेत चालत होते. देवानं असा हिशेब कुणाला दिल्याचं मी तरी कुठल्या पोथीत ऐकलं नाही.

आश्रुबा भावजींचा जन्म उसाच्या फडावरच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत झाला. आमच्या घरातले सगळेच ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की घराला कुलूप. पण भावजींना कोयता कधी वळला नाही. ऊस तोडताना ते थांबून पाचटाचा आवाज ऐकत बसायचे आणि मुकादमाच्या शिव्या खायचे. सासऱ्यांनी कंटाळून त्यांना नांदूरघाटला मोटारी भरायच्या दुकानात ठेवलं. मोटार भरणं म्हणजे विहिरीवरच्या पंपातली जळालेली तांब्याची तार काढून नवी गुंडाळणं. तिथं मात्र त्यांचा हात बसला. पुढं दुकान त्यांचंच झालं.

एका वर्षी सांगलीकडं कारखान्यावर आम्हाला भेटायला आले, तेव्हा तिथल्या एका जुन्या सामानाच्या दुकानातून ही गिटार उचलून आणली. कुठल्या तरी मोठ्या गिटारीची स्वस्तातली नक्कल. लालसर तपकिरी रंग, दोन्ही बाजूंना इंग्रजी एफसारखी भोकं, आणि पोट अर्धंच पोकळ, मधून लाकडाचा ठोकळा गेलेला.

मालक म्हणाले, "आर्धी पोकळ कशाला आणली बे? पैसे कमी पडले व्हय?"

"दादा, सगळी भरीव असली तर मुकी वाटती. सगळी पोकळ असली तर लई बडबड करती. ही मधली हाय."

"म्हंजी तुझ्यासारखी. धड कामाची न्हाई, धड बिनकामाची न्हाई."

ती विजेवर चालणारी गिटार होती, पण होती तशी तिला वाजवण्यात अर्थ नव्हता. खुंट्या इतक्या ढिल्या की एक ओळ होईपर्यंत सूर उतरायचा. भावजींनी खुंट्या बदलल्या. वरच्या टोकाला तारा ज्या पट्टीवरून जातात ती प्लास्टिकची होती. ती उपटून काढली आणि शिंगं साळणाऱ्याकडून बैलाच्या शिंगाचा तुकडा आणून त्याची पट्टी घासली. कुठं घासली? माझ्या वाटणाच्या पाट्यावर! मी इतकी बोलले की शेजारीण बघायला आली. पाटा धुऊन, हळद लावून मगच परत घेतला. पण त्या पट्टीनं तारेचा आवाज असा गोल झाला की मलाही बोलल्याचं थोडं वाईट वाटलं.

मग ते रामकिसनच्या बँड पार्टीत वाजवायला लागले. रामकिसन बेंजो वाजवायचा आणि पार्टी त्याचीच होती. लग्नात, वरातीत टेंपोवर स्पीकरची भिंत रचलेली, मागं जनरेटर, आणि वर हे दोघं. रामकिसनची एकच तक्रार असायची, "आश्रुबा, तुझी गिटार माझ्या बेंजोखाली ऐकू येत न्हाई. तिला जरा खायला घाल."

पावसानं दडी मारली त्या पहिल्या वर्षी भावजींना मान वर करायला फुरसत नव्हती. विहिरी तळाला गेल्या की मोटारी कोरड्या फिरून जळतात. दुकानाबाहेर बैलगाड्या उभ्या असायच्या. दुसऱ्या वर्षी भरायला मोटार कुणी आणेचना. विहिरीत होतं काय? मग रिकाम्या दुकानात बसून त्यांनी रामकिसनच्या तक्रारीवर इलाज काढला. गिटारीच्या तारांखाली एक चुंबक असतं, त्याच्याभोवती केसापेक्षा बारीक तांब्याची तार गुंडाळलेली असते. त्याला पिकअप म्हणतात. तारा हलल्या की ते हलणं पिकअप ओळखतं आणि स्पीकरकडं पाठवतं. भावजींनी जुनी तार काढून नवी भरली, आणि होते त्यापेक्षा खूप जास्त वेढे दिले. गिटार जोरात बोलायला लागली.

एक काम राहिलं. मोटार भरल्यावर तारेला वार्निश पाजतात. तसं पिकअपला वितळलेलं मेण पाजावं लागतं, म्हणजे आतली तार जागची हलत नाही. मेण आणून ठेवलं होतं. तेवढ्यात अर्जुनरावांची मिरवणूक निघाली.

आमच्या वाडीत दूध उत्पादकांची सहकारी संस्था आहे. एरवी तिच्या निवडणुकीला कुणी विचारत नाही. पण त्या वर्षी चारा छावणी संस्थेनं चालवायला घेतली होती. कुणाचं जनावर आत घ्यायचं, कुणाला उसाचं वाढं आधी आणि कुणाला उरलंसुरलं, सगळं चेअरमनच्या शब्दावर. म्हणजे कुणाची गाय जगणार ते चेअरमन ठरवणार. विठ्ठलराव जुने चेअरमन, अर्जुनराव त्यांच्याविरुद्ध उभे. प्रचारातच काठ्या निघाल्या होत्या, एकाचा खांदा निखळला होता. मतदानाच्या तोंडावर सरस्वतीबाई गेली. विठ्ठलराव आईला अग्नी देऊन आले आणि निवडणूक हरले.

आमचं घर अर्जुनरावांच्या बाजूचं. मिरवणुकीत मालक सगळ्यांच्या पुढं नाचत होते. मी बायकांबरोबर देवळाच्या ओट्यावर उभी होते. तिथून विठ्ठलरावांचं दार समोर दिसतं.

आमच्याकडं रीत आहे. वरात असो, मिरवणूक असो, सुतकाच्या घरापुढं वाजंत्री बंद. माणसं टोपी काढतात. वाजवणारे हात वाद्यावरून उचलून नमस्कार करतात, आणि दार ओलांडल्यावर मग परत सुरू. वैऱ्याचं दार असलं तरी ही रीत मोडत नाही. त्या दिवशीही टेंपो दाराजवळ आला आणि रामकिसननं बेंजो थांबवला. ढोल थांबला. भावजींनी तारांवरचे दोन्ही हात काढले आणि छातीशी जोडले, डोळे मिटले.

आणि गिटार ओरडली.

आपोआप. आधी बारीक घुं घुं, मग वाढत वाढत एखादी बाई प्रेतावर पडून हंबरडा फोडते तसा आवाज. टेंपोवरच्या सगळ्या स्पीकरांतून. विठ्ठलरावांच्या ओसरीवर सुतकी माणसं बसलेली होती, त्यांच्या अंगावर तो आवाज गेला. मिरवणुकीतल्या कुणाला तरी वाटलं ही मुद्दाम केलेली गंमत आहे. तो शिट्टी मारून हसला. त्याचं बघून बाकीचे हसले.

धोंडीराम ओसरीवरून उठताना मी बघितला. आत गेला, बाहेर आला, हातात उसाचा कोयता. टेंपोच्या चाकावर पाय देऊन वर चढला. भावजी डोळे उघडून आवाज कुठून येतोय ते शोधत होते, काही बोलायला तोंड उघडलं, तोवर पहिला वार गिटारीच्या कडेवर बसला. दुसरा डोक्यावर येत होता. तो त्यांनी डाव्या हातानं झेलला.

त्याच्यानंतरचं मला सलग आठवत नाही. विठ्ठलरावांच्या दारातून माणसं काठ्या घेऊन आली, मिरवणुकीतल्यांनी झेंड्यांचे बांबू उपटले. रामकिसन गिटारीची वायर ओढायला धावला आणि कुणीतरी त्याच्या कपाळावर दगड घातला. एक जण टेंपोखाली पडून पोट धरून गडबडा लोळत होता. मालकांनी एकाला केसाला धरून खांबावर आपटलं, परत आपटलं. आणि हे सगळं चालू असताना गिटार ओरडतच होती. जनरेटर चालू होता ना. मारामारीवर कुणी रडायला बसावं तशी ती ओरडत होती. शेवटी जनरेटर उलथला तेव्हा गप्प झाली, आणि मग खरी रडणारी माणसं ऐकू आली.

मी धावत गेले. भावजी टेंपोच्या फळीवर बसलेले, हाताकडं बघत. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नव्हतं. मी खाली वाकून शोधायला लागले. सगळीकडं गुलाल. लाल जमिनीवर लाल काय सापडणार? चाचपून चाचपून एक बोट सापडलं, ते पदरात बांधलं. दुसरं सापडलं नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी पदराची गाठ सोडली, बघितलं आणि मान हलवली. म्हणाले, गुलालात आणि मातीत इतकं चिरडलंय, आता नाही बसणार.

दवाखान्यात अर्जुनरावांची माणसं भेटायला आली. केळी घेऊन आली आणि हसत आली.

"बरं केलंस बे आश्रुबा," त्यांतला एक म्हणाला. "ऐन दारात रडवलंस त्यांला."

"मी न्हाई केलं. हात जोडले व्हते मी. ती आपोआप वाजली."

"आपोआप! ऐका. उद्या म्हनशील म्हातारी आपोआप मेली."

मालकांनीही विश्वास ठेवला नाही. उलट त्यांना भावाचा अभिमान वाटायला लागला होता. कधी नव्हे तो धाकटा मर्दासारखा वागला, असं ते सांगत फिरत. आणि म्हणूनच त्यांना बोटांचा बदला हवा होता. वाडी दोन ठिकाणी फाटली. छावणीत विठ्ठलरावांच्या माणसांची जनावरं उन्हात बाहेर काढली. त्यांच्यातला एक जण जाब विचारायला आला तर मालकांनी त्याचा जबडा मोडला. त्यानंतर दोन दिवसांनी पहाटे आमचा खिलार बैल उठेना. बघितलं तर मागच्या पायाची शीर कापलेली. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तरी तो उठायला बघत होता. मी त्याच्याजवळ बसले होते, तेव्हा मालक कोयता घासत होते. घासण्याच्या त्या आवाजाला बैल कान हलवायचा.

हाताचं ड्रेसिंग बदलायला भावजींना नांदूरघाटला न्यायचं काम माझं होतं. दहाव्याच्या आदल्या दिवशी दवाखान्यातून निघाल्यावर ते म्हणाले, "वैनी, दुकानात चला. तुमाला एक दाखवायचंय."

दुकानात गिटार होती. कडेला कोयत्याची खाच, आतली एक वायर तुटलेली, दोन तारा गेलेल्या. त्यांना एका हातानं जमणार नव्हतं. म्हणून ते सांगत गेले आणि मी केलं. नव्या तारा ओढल्या. तापलेली सळई कथलाला लावून वायर जोडताना माझं बोट भाजलं.

"शिकला की तुमी," ते म्हणाले. "उद्यापासून मोटारी भरा."

"मोटारी आहेत कुठं भरायला?"

मग त्यांनी गिटार स्पीकरच्या डब्याला जोडली, डबा अगदी गिटारीच्या तोंडासमोर ठेवला आणि आवाज वाढवला. गिटार माझ्या मांडीवर. "तळवा तारांवर टेका," म्हणाले. मी टेकला. शांत. "आता काढा." मी हात काढला आणि ती ओरडली. तोच हंबरडा. मी दचकून मागं भिंतीवर आदळले. त्यांनी आपला उजवा हात तारांवर ठेवला तशी ती गप्प झाली.

"स्पीकरचा आवाज हिच्या पोकळ पोटात शिरतो," ते म्हणाले. "तारा हलायला लागत्यात. ते हलणं परत स्पीकरमंदी. हात असला की तारा दबून ऱ्हातेत. दुकानात मी कायम हात ठेवूनच बसायचो, म्हनून मला कधी कळलं न्हाई. टेंपोवर हात जोडले आन्..." त्यांनी पट्टीच्या हाताकडं बघितलं. "देवाला हात जोडले नसते तर वाजली नसती, वैनी."

फळीवर मेणाचा गोळा तसाच पडलेला होता. मी म्हणाले, "मग आता पाजा की मेण. आणि पोटात चिंध्या का काय भरतात म्हणता ते भरा. मिटवून टाका हे."

"आज न्हाई. आज दुरुस्त केली तर माझ्याकडं सांगाय काय ऱ्हाईल? जशी व्हती तशीच न्यायची. विठ्ठलकाकाला दाखवायची. त्यांला कळलं तर ते धोंड्याला आवरतील, उद्या नदीवर मढं पडायचं न्हाई."

"तुम्ही वाजवून दाखवणार? ते म्हणतील परत आमच्या दारात नाटक करतोय."

"म्हनून तर तुमी पायजे. हरिबाच्या बायकोला गिटार येत न्हाई हे अख्ख्या वाडीला म्हाईत हाय."

म्हणून आम्ही नदीतून चाललो होतो.

बांधाआड थांबून भावजींनी गिटारीची वायर डब्यात खोचली आणि आम्ही विठ्ठलरावांच्या घराला मागून चढलो. परसातल्या चुलीपाशी बायका बसल्या होत्या, त्या मला बघून उठल्या, आणि गळ्यातली गिटार बघून दोघीजणी ओरडतच आत पळाल्या. विठ्ठलराव बाहेर आले. दाढी वाढलेली, अंगावर नुसतं धोतर. त्यांनी काही म्हणायच्या आत त्यांच्या मागून धोंडीराम आला. तो आधीच येऊन घरात लपलेला होता.

"काका, ऐकून घ्या," भावजी म्हणाले.

धोंडीरामनं ऐकून घेतलं नाही. एका लाथेत भावजी खाली पडले, स्पीकरचा डबा गडगडत गेला. "परत आनली? परत आनली तू ही?" असं म्हणत त्यानं भावजींचा पट्टी बांधलेला हात धरला आणि पिळला. तसा आवाज माणसाच्या तोंडातून निघतो हे मी तेव्हा ऐकलं. पट्टीतून रक्त धोंडीरामच्या मनगटावर आलं तरी त्यानं हात सोडला नाही, वर गुडघा छातीवर ठेवला. मी "सोडा, सोडा" म्हणून ओरडत होते, पण माझा तळवा तारांवर घट्ट होता. तो हलवू नका असं भावजींनी वाटभर बजावलेलं.

खाली दाबलेल्या भावजींनी उजवा हात लांब करून डब्याचं तोंड माझ्याकडं फिरवलं. बटण पिरगाळलं.

"वैनी, म्हातारीला हात जोडा!"

ओसरीवर सरस्वतीबाईच्या नावानं लावलेला दिवा दिसत होता. मी त्या दिव्याकडं बघितलं आणि दोन्ही हात जोडले.

गिटार माझ्या पोटावर थरथरायला लागली. मग ओरडली. परसातल्या कोंबड्या उडाल्या. धोंडीराम भावजींना सोडून माझ्या अंगावर आला, मूठ उगारून. मी डोळे मिटून घेतले, पण हात सोडले नाहीत.

"थांब बे!" विठ्ठलराव ओरडले. "हरिबाच्या बायकोला गिटार कवापासून यायला लागली?"

मूठ तिथंच थांबली. गिटार ओरडत होती.

"सूनबाई, बंद करा ती."

मी तळवा टेकला. बंद.

"आता काढा." मी काढला. ओरडली. विठ्ठलराव जवळ आले. जरा भीत भीत त्यांनी आपलाच हात तारांवर ठेवला. शांत झाली. उचलला. परत तेच. त्यांनी हात झटकला, जणू भाजलं.

"म्हंजी..." ते भावजींकडं वळले. "माझ्या आईला हात जोडले, म्हनून वाजली?"

"व्हय काका."

"मग तवाच कावून न्हाई सांगितलंस?"

"तोंड उघडलंतं. तवर कोयता आलता."

विठ्ठलराव धोंडीरामकडं वळले. मग कोपऱ्यातली काठी उचलली आणि धोंडीरामच्या पाठीवर घातली. एकदा नाही, काठी मोडेपर्यंत. बायकांनी त्यांना कमरेला धरून ओढलं. धोंडीराम जागचा हलला नाही, मार खात उभा राहिला. त्याच्या पाठीवर सदरा फाटून वळ उठले.

"मारा," तो म्हणाला. "ही आपोआप वाजली, मान्य. आन् ते जे हसले, तेबी आपोआप? आमची जनावरं उन्हात बांधली, तेबी आपोआप?"

भावजींनी मान खाली घातली.

"मी उद्या नदीवर येणार," धोंडीराम म्हणाला. "माज्या आजीचा दहावा हाय. ह्याची दोन बोटं माझ्यावर हायेत, पोलिसात मी हजर होतो उद्याच, पिंडाला कावळा शिवला की. पन हरिबा कोयता घिऊन आला तर मी मान पुढं करून बसनार न्हाई. सांगून ठेवतो."

विठ्ठलराव आत गेले, कोयता घेऊन आले, धोंडीरामच्या देखत तो धान्याच्या कोठीत टाकला आणि कोठीला कुलूप घातलं. "माझ्या घरातला कोयता मी कोंडला," ते भावजींना म्हणाले. "तुझ्या घरातला तू बघ."

आम्ही मागच्याच दारानं निघालो. एका म्हाताऱ्या बाईनं न बोलता भावजींच्या हाताला नवं फडकं बांधून दिलं. गिटार आता बंद होती, तरी मी सवयीनं तारांवर तळवा धरूनच चालत होते. बांधापर्यंत भावजी हात छातीशी धरून पुढं चालत होते. मग थांबले.

"त्यांची चूल बघितली का वैनी?"

"बघितली. थंड होती."

"आपल्या बाजूच्या कुनी भाकरी नेली त्यांच्यात?"

मी नाही म्हणाले. आमच्याकडं सुतकाच्या घरी शेजाऱ्यांनी दहाव्याच्या आत एकदा तरी भाकरी न्यायची असते. भाकरी घेऊन आलेल्या माणसाला दारात उभं करत नाहीत, आत घेऊन बसवतात. पण निवडणूक झालेली, गुलाल उडालेला, त्यात भाकरीचं कुणाच्या लक्षात येणार? माझ्याही आलं नव्हतं.

"दादाला मी सांगितलं तर माझी राहिलेली बोटं बी काढंल," ते म्हणाले. "माझं आता ऐकायचा न्हाई तो. धोंड्याचं, काकाचं तर न्हाईच. तुमचं ऐकंल का न्हाई, मला म्हाईत न्हाई. पन तुमीच सांगू शकता."

"काय सांगू?"

लांब छावणीच्या बाजूला माणसांचा गलका ऐकू येत होता. त्यांनी तिकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"उद्या दिस उगवायच्या आत भाकरी थापा. समद्या घराला पुरतील इतक्या. टोपलं दादाच्या डोक्यावर द्या, आन् तुमी त्याच्यापुढं चाला, त्यांच्या दारापर्यंत. आन् वैनी, टोपलं लई जड भरा. त्याला दोन्ही हातांनी धरावं लागलं पायजे."